अँटिक बंदुका विकणाऱ्या डीलरवर विश्वास ठेवायचा की नाही, कसं ठरवता?

शोधयात्री

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसता वाचक होतो, लिहितोय पहिल्यांदाच. जुन्या बंदुकांचं वेड आधीपासूनचं, वस्तुसंग्रहालयात गेलो की बाकीचे लोक तलवारी नि चिलखतं बघत पुढे जातात आणि मी ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायच्या, बंदुकांच्या कपाटासमोरून हलत नाही. वाचनही बऱ्यापैकी झालंय. आता एखादी खरी वस्तू घ्यायचीच असं ठरवलंय, चालवायला अजिबात नाही, फक्त संग्रहासाठी.

एका डीलरच्या साइटवर चकमकीचं, म्हणजे गारेच्या ठिणगीने दारू पेटवणारं, एक पिस्तुल मनात भरलंय. वर्णन असं आहे: ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळाचं पिस्तुल, साधारण १७९०, चकमक लॉक, पूर्णपणे ओरिजिनल, व्हेरी गुड कंडिशन, एका खानदानी घराण्याच्या संग्रहातून, सोबत सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी. फोटो चार-पाचच आहेत पण सुंदर आहेत, लॉकप्लेटवर, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या (लॉकच्या) बाहेरच्या पट्टीवर, उभा सिंह स्पष्ट दिसतो. डीलरशी फोनवर बोललो, माणूस गोड बोलतो, माहिती भरपूर देतो, मेसेजला लगेच उत्तर येतं. रिव्ह्यू जवळपास सगळे पाच स्टार. सात दिवसांत परत घेतो म्हणतो, फक्त पैसे परत नाहीत, तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तू घ्यायची. आणि कालपासून सांगतोय की दुसरं एक गिऱ्हाईक तयार आहे, दोन दिवसांत काय ते कळवा.

पिस्तुल खरं की खोटं हे फोटोवरून मला ठरवता येणार नाही हे मला माहितीये. म्हणून विचारतोय की निदान माणूस तरी कसा ओळखायचा? तुम्ही लोक पहिल्यांदा एखाद्या डीलरकडून घेताना नेमकं काय बघता, काय विचारता? सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

जुनापोलाद

आधी ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचं. असेल खरंच तर जाऊ दे त्याच्याकडे. दोनशे वर्षं टिकलेली वस्तू दोन दिवसांत ठरवायला लावणारा माणूस तुम्हाला बघायला वेळ मिळू नये म्हणून घाई करतोय असं मी तरी धरून चालतो, आणि चांगले डीलर उलट म्हणतात की सावकाश बघा, शंका असतील तर विचारा, तोवर मी बाजूला ठेवतो.

रिव्ह्यूंचं म्हणाल तर ते पाच स्टारवाले नीट उघडून वाचा. पॅकिंग मस्त, वेळेत मिळालं, बोलायला चांगले. हे सगळं खरं असेलही, पण अर्धं कौतुक कुरियरचं आहे. वस्तू अस्सल आहे की नाही हे घेणाऱ्याला त्या आठवड्यात कळलेलंच नसतं, बऱ्याचदा अनेक वर्षांनी तो स्वतः विकायला काढतो आणि समोरचा जाणकार स्क्रू काढून बघतो तेव्हा कळतं. तोपर्यंत पाच स्टार देऊन झालेले असतात. त्यामुळे रिव्ह्यूवरून माणूस पैसे घेऊन पळून जाणारा नाही एवढंच कळतं.

मी काय बघतो सांगू का, त्याच्या साइटवर विकून झालेल्या वस्तूंची पानं असतात ती. निवांत बसून जेवढी मिळतील तेवढी वाचायची. ज्याच्याकडे खरा जुना माल येतो त्याच्या वर्णनात दोष आपोआप येतात. घोडा बदललेला आहे, दस्त्याला मुठीपाशी जुनी दुरुस्ती आहे, ठासायचा गज नंतरचा आहे, नळीवर खड्डे आहेत, स्क्रूची खाच खराब झालेली आहे. दीडशे-दोनशे वर्षं वापरात असलेल्या हत्याराला यातलं काहीतरी झालेलंच असतं. आणि ज्या साइटवर प्रत्येक वस्तू ‘पूर्णपणे ओरिजिनल’ आणि ‘हात न लावलेली’ असते तिथे एक तर त्याला दिसत नाही किंवा तो सांगत नाही, आपल्यासाठी दोन्ही सारखंच.

दुसरं म्हणजे त्याला विचारा की ‘व्हेरी गुड’ म्हणजे कुठल्या प्रतवारीप्रमाणे. हा साधा प्रश्न आहे पण फार उपयोगी. अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनची अँटिक बंदुकांसाठी वेगळी प्रतवारी आहे आणि बरेच डीलर तीच वापरतात. तिच्यात एक्सलंट म्हणजे मूळ फिनिश (पृष्ठभागावरचा मूळचा रंग-मुलामा) ८० टक्क्यांहून जास्त शिल्लक, फाइन म्हणजे ३० टक्क्यांहून जास्त, आणि व्हेरी गुड म्हणजे शून्य ते ३० टक्के, पण सगळे भाग मूळचेच हवेत. त्याच्या खाली नुसतं गुड, त्यात किरकोळ भाग बदललेले चालतात, घासून साफ केलेलं किंवा नव्याने ब्लूइंग (धातूला निळसर-काळा रंग चढवणं) केलेलंही चालतं. म्हणजे गुड हा शब्द ऐकून आपल्याला जे वाटतं ते त्यात नाहीच. डीलरने शब्द या अर्थाने वापरला असेल तर ‘व्हेरी गुड’ म्हणताना तो सगळे भाग मूळचे असल्याची हमी देतोय. आणि नुसता ‘छान दिसतंय’ अशा अर्थाने वापरला असेल तर त्याला काहीच किंमत नाही. त्याच्या तोंडून, खरं तर लेखी, वदवून घ्या यातलं कुठलं.

रंजकदानी

जुनापोलाद यांच्याशी सहमत. मी फक्त चकमकी पिस्तुलांपुरतं लिहितो कारण तिथे एक खास भानगड आहे आणि डीलरची पारख करायला तिच्याइतकी चांगली जागा नाही.

एकोणिसाव्या शतकात केपाची, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीची, पद्धत आल्यावर हजारो चकमकी बंदुका आणि पिस्तुलं केपाची करून घेतली गेली. गार धरणारा घोडा काढून साधा हातोडीसारखा घोडा बसवायचा, रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, ठेवायची वाटी आणि जिच्यावर गार आपटते ती पोलादी पट्टी म्हणजे फ्रिझन हे दोन्ही काढून टाकायचं, आणि नळीच्या कानाच्या, म्हणजे जाळ आत जायच्या बारीक भोकाच्या, जागी आटे पाडून केप बसवायची निप्पल घालायची. स्वस्तात काम व्हायचं. आता उलटं झालंय, संग्राहक चकमकीला जास्त पैसे देतात, म्हणून तीच हत्यारं पुन्हा चकमकीची करून विकली जातात. याला रीकन्व्हर्जन म्हणतात. काम चांगलं असेल आणि सांगून विकलं तर त्यात गैर काहीच नाही, माझ्या संग्रहात तशी वस्तू आहे आणि मला ती आवडते. न सांगता विकली तर ती फसवणूक.

आता हे ओळखायचं कसं. निप्पलसाठी पाडलेलं भोक मूळ कानापेक्षा बरंच मोठं असतं, त्यामुळे परत चकमकीचं करताना ते बुजवून नवा बारीक कान पाडावा लागतो. तिरप्या उजेडात कानाभोवती एक गोल पुसटसा दिसतो, कधी धातूचा रंग थोडा वेगळा असतो. तेवढ्यावर निकाल देऊ नका मात्र, कारण झिजलेला कान त्या काळातही बुजवून नवा पाडत असत. त्याच्या जोडीला काय दिसतं ते बघायचं. मी तर सगळ्यात आधी गंज बघतो. रंजकाची दारू जळते ती वाटीत, त्यामुळे खऱ्या चकमकी हत्यारात वाटी, कानाभोवतीची नळी आणि त्यालगतची लॉकप्लेट हे तिन्ही एकसारखं खाल्लेलं असतं. नळीला कानापाशी चांगले खड्डे आहेत आणि वाटी मात्र आतून गुळगुळीत, कडा धारदार, असं दिसलं तर ती वाटी त्या नळीशेजारी कधी जळलेलीच नाही. असं एक पिस्तुल मी हातात घेऊन पाहिलंय, बाहेरून इतका सुंदर तपकिरी रंग चढवला होता की कुणीही फसावं, पण वाटीत बोट फिरवल्यावर नव्या कानशीची धार लागत होती.

तर डीलरला हे फोटो मागा: कान आणि वाटी जवळून, फ्लॅश न मारता दिवसाच्या उजेडात. लॉक बाहेर काढून त्याची आतली बाजू. स्क्रूंची डोकी. नळीच्या डाव्या बाजूचे शिक्के. दस्त्याची लॉकभोवतीची कड. आणि सरळ एक प्रश्न विचारा, हे मूळ चकमकी आहे की रीकन्व्हर्टेड? तो या प्रश्नाला कसं उत्तर देतो त्यावर निम्मं ठरेल.

अजून एक. वर्णनात १७९० लिहिलंय आणि लॉकप्लेटवर उभा सिंह आहे म्हणता. कंपनीचा सिंहाचा शिक्का एकोणिसाव्या शतकातला आहे, त्याआधी हृदयाच्या आकाराची, चार भागांत कंपनीची अक्षरं असलेली खूण असायची. म्हणजे साल चुकलंय किंवा लॉक नंतरचं आहे. हे साध्या भाषेत, भांडण न करता त्याला विचारा. चूक कुणाकडूनही होते, चांगला डीलर ‘बरोबर आहे, दुरुस्त करतो’ म्हणून वर्णन बदलतो.

मोडीवाचक

माझा प्रांत कागदपत्रांचा, म्हणून त्याबद्दल.

ते सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी कुणी दिलंय ते विचारा. विकणाऱ्यानेच छापून सही केलेलं असेल तर जाहिरातीतली वाक्यं जाड कागदावर उतरवली एवढंच झालं. त्रयस्थाचं कागदपत्र वेगळं. उदाहरणार्थ कोल्ट या अमेरिकी कंपनीची रिव्हॉल्व्हर असेल तर कंपनीच्या अर्काइव्हकडून पत्र मिळतं, त्या नंबरची वस्तू कधी, कुठल्या कॅलिबरमध्ये, किती लांबीच्या नळीसह, कुणाकडे पाठवली वगैरे. विंचेस्टर आणि मार्लिन या बंदूक कंपन्यांच्या बऱ्याच जुन्या नोंदी अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत, तिथूनही तसं पत्र मिळतं. पण यातही लक्षात ठेवायचं की असं पत्र त्या नंबरबद्दल बोलतं, तुमच्या समोरच्या लोखंडाबद्दल नाही. नंबर नव्याने ठोकता येतो. पत्रात साडेसात इंची नळी लिहिलीये आणि वस्तू साडेपाच इंची आहे तर विचारायचं की कापली कुणी आणि कधी. सैन्याच्या कोल्ट सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तर सरकारनेच बऱ्याच साडेसात इंची नळ्या कापून साडेपाच केल्या होत्या, त्यामुळे उत्तर ‘सरकारने’ असंही असू शकतं. ते खुणांवरून दाखवता आलं पाहिजे, नुसतं सांगून भागत नाही.

‘एका खानदानी घराण्याच्या संग्रहातून’ याला मी शून्य मार्क देते. घराणं कुठलं, कुणी कुणाला विकलं, जुना फोटो आहे का, यादी आहे का, लिलावाची पावती आहे का? नाव गुप्त ठेवायचं असेल तर ठीक आहे, लोकांना खाजगीपणा हवा असतो, पण मग त्या वाक्याचे पैसे मागू नयेत. खरा इतिहास कसा दिसतो ते बघायचं असेल तर अमेरिकेतल्या शेरीफ पॅट गॅरेटच्या कोल्टचं प्रकरण वाचा. १४ जुलै १८८१ ला ज्या रिव्हॉल्व्हरने त्याने बिली द किड या कुख्यात गुंडाला मारलं ती ऑगस्ट २०२१ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेली. वस्तू म्हणून ती साधी कोल्ट सिंगल ॲक्शन आहे. किंमत आली ती कागदांची, आणि त्यात एक कोर्टाचा दावासुद्धा आहे, गॅरेटच्या बायकोने ती रिव्हॉल्व्हर परत मिळवण्यासाठी १९३० च्या दशकात लढलेला. मालकी एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली हे त्या दाव्यामुळे नोंदलं गेलं.

वर्णनाची भाषा पण शब्द न शब्द वाचायची. ‘अमक्याचं पिस्तुल’ वेगळं, ‘अमक्याचं मानलं जातं’ वेगळं, ‘त्या शैलीतलं’ आणखी वेगळं. जाहिरातीत ‘ओरिजिनल’ असतं आणि पावतीवर नुसतं ‘जुनं पिस्तुल, एक नग’ येतं, हे मी पाहिलंय. म्हणून पैसे देण्याआधी पावतीचा मसुदा मागवायचा. त्यावर काळ, बनावट, नंबर किंवा शिक्के, बदललेले भाग आणि ‘वर्णनाशी जुळलं नाही तर पूर्ण रक्कम परत’ हे सगळं हवं. वस्तूच्या बदल्यात वस्तू हे मला मान्य नाही, ज्याच्या एका वस्तूवर शंका आहे त्याचीच दुसरी घेऊन काय करणार. बरेच प्रतिष्ठित डीलर तपासायला साधारण तीन दिवस देतात आणि रोख परत करतात. सात दिवस ऐकायला जास्त वाटतात पण हातात काय पडतं ते बघा.

आणि चोरीचा माल नाही ना हेही बघायला हवं. लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टरमध्ये चोरीला गेलेल्या कलावस्तूंची नोंद असते, महागड्या वस्तूची तिथे चौकशी करता येते. साइटवरच्या फोटोत नंबरचे शेवटचे आकडे झाकलेले असतात ते चालतं, पण गंभीर गिऱ्हाइकाने मागितल्यावरही जो पूर्ण नंबर देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

गारगोटी

वरचं सगळं मान्य, पण माझं मत थोडं वेगळं आहे. तुम्ही लोक वस्तूचीच तपासणी सांगताय, शोधयात्रीने विचारलंय माणूस कसा ओळखायचा. नवशिक्याला गंजाचे खड्डे फोटोत वाचता येणार नाहीत हो. मी नव्या माणसाला सांगतो की पहिली वस्तू डीलर बघून घ्या, पिस्तुल बघून नाही. जो बरीच वर्षं एकाच प्रकारच्या मालात आहे, ज्याच्याकडे जुने संग्राहक परत परत जातात, आणि ज्याने स्वतः विकलेली वस्तू तो पुन्हा विकत घेतो. हा शेवटचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, दोन वर्षांनी ही मी तुमच्याकडेच आणली तर घ्याल का, अंदाजे काय भावाने? कमी देणारच, त्याचं पोट त्यावर आहे, ते गृहीत धरायचं. पण आपल्याच मालाला हात लावायला जो का कू करतो त्याला त्या मालाबद्दल आपल्यापेक्षा जास्त काहीतरी ठाऊक आहे.

संघटनेचं सभासदत्व दाखवतात त्याला फार भाव देऊ नका पण तपासा जरूर, बोधचिन्ह कुणीही लावतं, संघटनेला मेल टाकून विचारायचं की हा सभासद आहे का आणि तक्रार आली तर तुम्ही काय करता.

आणि त्याच्याकडच्या नकली किंवा वादग्रस्त मालाचं तो काय करतो ते बघा. खैबर खिंडीकडे, दर्रा आदमखेल भागात, ब्रिटिश मार्टिनी-हेन्री रायफलच्या हाताने बनवलेल्या नकला भरपूर झाल्या. शिक्के हुबेहूब उतरवायचा प्रयत्न असायचा पण बनवणाऱ्याला इंग्रजी येत नसे, त्यामुळे इंग्रजी ‘एन’ अक्षर उलटं, स्पेलिंग चुकलेलं, आणि मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं असून साल मात्र १९०४ वगैरे. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. अशी वस्तू ‘खैबर बनावट’ म्हणून लिहून विकणारा डीलर मला आवडतो, कारण त्याला ओळखता येतं आणि तो सांगतो. तीच वस्तू ‘दुर्मिळ ब्रिटिश सैनिकी रायफल’ म्हणून लावलेली दिसली तर त्याच्या बाकीच्या मालावरचा माझा विश्वास तिथेच संपतो. म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या वस्तूबद्दल आपल्याला काही कळत नसलं तरी त्याच्या दुकानातल्या ज्या एका गोष्टीबद्दल आपल्याला नीट कळतं ती शोधायची आणि तिच्याबद्दल तो काय लिहितो ते वाचायचं.

रंजकदानी

गारगोटी, तुमचा शेवटचा मुद्दा एकदम पटला. पहिल्याशी मात्र पूर्ण सहमत नाही. नावाजलेल्या डीलरकडूनही चुकीच्या वस्तू जातात, तो रोज नवा माल बघतो, सगळ्या शाखांत तो तज्ज्ञ नसतोच. नाव बघून डोळे मिटून घ्यायला मी कुणालाच सांगणार नाही.

गारगोटी

डोळे मिटून नाहीच म्हणत. पण नावाजलेल्याकडून चूक झाली तर तो परत घेतो, त्याला नाव सांभाळायचंय. नवशिक्याने चूक कुठे पचेल ते आधी बघावं एवढंच म्हणणं.

दोनटोकं

थोडं अवांतर, पण राहून जाऊ नये म्हणून. डीलर कायद्याबद्दल काय बोलतो तीसुद्धा परीक्षा आहे. अँटिक कशाला म्हणायचं याची रेषा प्रत्येक देशात वेगळी आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्याप्रमाणे १८९८ पर्यंत बनलेलं, ब्रिटनमध्ये २०२१ च्या नियमांप्रमाणे १ सप्टेंबर १९३९ च्या आधीचं, वर त्याचं काडतूस कालबाह्य यादीतलं हवं किंवा जुनी ठासणीची वगैरे पद्धत हवी आणि ते शोभेची वस्तू म्हणूनच बाळगलेलं हवं. ज्याला माहितीये तो तुम्हाला आधी विचारतो की कुठे पाठवायचंय, परवानगी काय लागेल, आयातीचं काय. ‘अँटिक आहे, कुठेच काही लागत नाही, मी पाठवतो बिनधास्त’ असं म्हणणाऱ्याचा माल कस्टममध्ये अडकतो आणि गुन्हा तुमच्या नावावर होतो.

तसंच सुरक्षेचं. ठासणीची जुनी हत्यारं कधी कधी भरलेल्या अवस्थेतच सापडतात, बार (दारू आणि गोळी) आत तसाच असतो. लाकडी काठी नळीत शेवटपर्यंत घालायची, खूण करायची, मग बाहेर नळीच्या बाजूला धरून कानापर्यंत पोचते का बघायचं, तोंड कायम मोकळ्या दिशेला. बरीच आखूड पडली तर हात लावायचा नाही, जाणकाराला बोलवायचं. डीलरला विचारा, रिकामी असल्याची खात्री केलीत का आणि कशी. जो हसण्यावारी नेतो किंवा ‘उडवून बघा, काही होत नाही’ म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. नळीवरचा प्रूफचा, म्हणजे मजबुतीच्या चाचणीचा, शिक्का ती नळी त्या काळी तपासली एवढंच सांगतो, आजच्या अवस्थेची हमी नाही.

शोधयात्री

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत तसे प्रश्न मेलवर पाठवले. त्याचं उत्तर आलंय, त्याच्याच शब्दांत थोडक्यात देतो.

साल: ‘आमच्या तज्ज्ञांच्या मते अठराव्या शतकाचा शेवट, सिंहाचा शिक्का तेव्हाही होता.’ रीकन्व्हर्जन: ‘आमच्या माहितीप्रमाणे नाही.’ प्रतवारी: ‘व्हेरी गुड म्हणजे संग्राहकाला आवडेल अशी.’ लॉकच्या आतला फोटो: ‘अँटिक वस्तू आम्ही उघडत नाही, नुकसान होतं.’ कानाचा फोटो पाठवलाय पण फ्लॅश मारलेला आहे, सगळं पांढरं दिसतंय. घराण्याचं नाव सांगता येत नाही. पावतीबद्दल: ‘आमची पावती ठरलेल्या नमुन्यात असते.’ आणि शेवटी परत की दुसरं गिऱ्हाईक आज संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे.

बोलायला अजूनही तितकाच गोड आहे. न उघडण्याचं कारण मला पटण्यासारखं वाटलं, तुमचं काय मत?

रंजकदानी

न उघडण्याबद्दल अर्धं बरोबर आहे त्याचं. चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने खाच फाटते, आणि फाटलेल्या खाचेमुळे वस्तूची किंमत पडते, त्यामुळे गिऱ्हाइकाने उघडू नये असं तो म्हणाला तर मी त्याच्या बाजूने आहे. पण या पिस्तुलांचं लॉक पलीकडच्या बाजूने येणाऱ्या एक-दोन स्क्रूंवर असतं, ते सैल करून लॉक उचलायला खाचेत नीट बसणारं हत्यार आणि थोडा धीर लागतो. जो माणूस चकमकी हत्यारं विकतो त्याने विकत घेताना तरी लॉक आतून बघितलंच पाहिजे. नसेल बघितलं तर ‘पूर्णपणे ओरिजिनल’ हे त्याने कशाच्या जोरावर लिहिलं? आणि बघितलं असेल तर तेव्हाचा फोटो द्यायला हरकत काय.

‘आमच्या माहितीप्रमाणे नाही’ हे मोडीवाचक तुम्ही घ्या, तुमचा विषय.

मोडीवाचक

घेते. ‘नाही’ हे विधान आहे, उद्या खोटं ठरलं तर त्याला जबाब द्यावा लागतो. ‘आमच्या माहितीप्रमाणे नाही’ यात त्याने स्वतःला सोडवून घेतलंय, त्याला माहिती नव्हती एवढं म्हटलं की संपलं. काही ठिकाणी हे वाक्य प्रामाणिकपणेही येतं, समजा त्याने आधी लिहिलं असतं की वाटी आणि कान मी तपासले, मला खूण दिसली नाही, लॉकची आतली बाजू मात्र बघितलेली नाही. म्हणजे काय बघितलं आणि काय नाही हे वेगवेगळं सांगितलं असतं. इथे तसं काही नाही, जाहिरातीत ‘पूर्णपणे’ आणि प्रश्न विचारल्यावर ‘माहितीप्रमाणे’.

‘आमचे तज्ज्ञ’ कोण ते विचारलं नाहीत ना? नाव नसलेला तज्ज्ञ आणि नाव नसलेलं घराणं, एकाच वस्तूला दोन्ही.

त्याला फक्त एक ओळ लिहा: पावतीवर ‘मूळ चकमकी, रीकन्व्हर्टेड नाही, तसं आढळल्यास तीस दिवसांत पूर्ण रक्कम परत’ एवढं लिहून द्या, आजच पैसे भरतो. बाकी काही वाद घालू नका.

जुनापोलाद

मोडीवाचक यांची ओळच पाठवा. हो म्हणाला तर वस्तू मागवा आणि त्या मुदतीत एखाद्या स्वतंत्र जाणकाराला दाखवा, त्याची फी लागली तरी द्या. आणि रक्कम अशा मार्गाने भरा की वाद झाल्यावर कुणीतरी मध्ये पडू शकेल, कार्ड किंवा मध्यस्थाकडे पैसे ठेवायची सोय. सरळ खात्यात टाकलेले पैसे परत मिळवणं फार अवघड असतं.

शोधयात्री

ओळ पाठवली होती. उत्तर आलं, ‘असं आम्ही कुणालाच लिहून देत नाही, विश्वास नसेल तर घेऊ नका.’ संध्याकाळ उलटून गेली, पिस्तुल अजून साइटवर तसंच आहे, साल १७९० च आहे. मी सोडलं.

दरम्यान गारगोटींनी सांगितलं तसं इतर साइट वाचत बसलो होतो. एका डीलरकडे कंपनीचंच पिस्तुल आहे, वर्णनात स्वतःहून लिहिलंय की रीकन्व्हर्टेड आहे, घोडा आणि फ्रिझन नंतरचे, गज बदललेला, नळी आणि दस्ता मूळचे, दस्त्याला डावीकडे दुरुस्त केलेली चीर. चिरेचा वेगळा फोटो दिलाय. किंमत पहिल्यापेक्षा बरीच कमी. रीकन्व्हर्टेड वस्तू पहिली म्हणून घ्यावी का, की थांबावं?

गारगोटी

त्याला लॉकच्या आतला फोटो मागा आणि तो किती वेळात, काय बोलून पाठवतो ते इथे कळवा. वस्तू घ्यायची की नाही हा आवडीचा प्रश्न आहे, पण नळी आणि दस्ता मूळचे असतील तर शिकायला फार चांगली वस्तू आहे, नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे एकाच हत्यारात शेजारीशेजारी बघायला मिळतं. दोन वर्षांनी परत घ्याल का तेही विचारून टाका.

रंजकदानी

आणि नळीवरचे शिक्के स्पष्ट येतील असा फोटो. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे असतील तर ते १८१३ नंतरचेच, कारण ते सुरूच तेव्हाच्या कायद्याने झालं, मग सालाचा ताळा लगेच जमतो. फोटो आले की इथेच टाका, कानाजवळचा गंज आपण सगळे मिळून बघू.